चालून राहिला ना?

दुर्गच्या कोर्टाबाहेर मी अर्ज टाइप करतो. माझा कॉम्प्युटर जळाला, तेव्हा आमच्या सेक्टरातले भाऊ आपणहून म्हणाले, "कावून टेन्शन घेऊन राहिला बे? मी घेऊन देतो तुले." दुसऱ्याच दिवशी सुपेल्याच्या बाजारातून नवाकोरा आणून दिला. माणूस मोठ्या मनाचा, यात वाद नाही. फक्त भेटले की आधी आजूबाजूला कोण कोण आहे ते बघतात, मग खणखणीत आवाजात विचारतात, "कॉम्प्युटर चालून राहिला ना बरोबर?" भर बाजारात, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतरसुद्धा.

माझे वडील गेले. स्मशानात भाऊ मला मिठी मारून खरोखर रडले. मग डोळे पुसून त्यांनी जमलेल्या लोकांवर नजर फिरवली. ते विचारायच्या आतच मी चितेसमोर त्यांना हात जोडले.

"चालून राहिला, भाऊ. तुमची कृपा."