साचेकाका आणि पानांची दुसरी रांग

साचेकाकांना कुणाकडे जेवायला न्यायचं तर आधी त्या घराला खांब आहेत का, ते बघावं लागे. साधे चौकोनी खांब चालत. पण वर पानांचा गुच्छ असलेला गोल ग्रीक खांब दारात दिसला, की हा माणूस गाडीतून उतरायला तयार नसे. "शी," एवढंच म्हणायचे आणि तोंड फिरवून बसायचे. माझ्या नणंदेकडे बारशाला त्यांना मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत न्यावं लागलं. आत गेल्यावर मात्र त्यांनी तीन वाट्या श्रीखंड खाल्लं.

आणि ते खांब करणं हाच त्यांचा धंदा होता. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात काचेचे तंतू मिसळलेल्या काँक्रीटचे खांब, कमानी, कठडे ओतले जातात आणि या देशभरच्या व्हिलांवर जाऊन बसतात. साचेकाका तिथले मुख्य साचेवाले. आधी मातीत आणि प्लास्टरमध्ये मूळ नमुना कोरायचा, मग त्यावर रबराचा साचा घ्यायचा, हे त्यांचं काम. मी क्वालिटीची इंजिनिअर. माझी सही झाल्याशिवाय नमुना पुढे जात नाही. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत वाढलेली मी, माझं मराठी घरापुरतं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मराठी ना गो बाय तू? मग बाकीच्यांना इंग्लिशमध्ये ओरड, मला मराठीत ओरड. कळलं तरी पाहिजे काय चुकलं ते."

ते पेणचे. गणपतींच्या कारखान्यात लहानाचे मोठे झालेले. "हाताने एक गणपती बिघडला तर एका घरचा बिघडला," असं ते सांगत. "साचा बिघडला की गावचे सगळे बिघडले." त्यामुळे नमुना कोरताना ते कुणाशी बोलत नसत. चहा आला तरी कप तसाच राहायचा, त्यावर प्लास्टरची साय धरायची आणि मग ते ती साय बोटाने बाजूला करून तोच चहा पीत. मला ते बघवायचं नाही.

आमच्या रिसेप्शनला सिकंदराचा फायबरचा अर्धपुतळा आहे. सोनेरी रंगाचा. खांबांच्या कॅटलॉगला नावही त्याचंच दिलंय. साचेकाका रोज हजेरी पंच करायला त्याच्यासमोरून जात, नजर जमिनीवर ठेवून. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणून त्यांनी त्या माणसावर इतकं वाचलं होतं, की मी शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केलेला 'द ग्रेट' त्यांच्यापुढे टिकेना. "याने काय केलं सांगू? शहरंच्या शहरं जाळली. बायापोरं बाजारात विकली. इराणच्या राजाचा एवढा मोठा वाडा, तोही पेटवला, आणि तेही दारू पिऊन, असं म्हणतात. मग मागाहून आलेल्यांनी खांब उभे केले. जळकी जागा झाकायला पानं लागतातच." त्यानंतर मलाही त्या सोनेरी तोंडाकडे बघवेना. लोक त्याच्याशेजारी उभे राहून सेल्फी काढतात, खांद्यावर हात टाकून.

एका शनिवारी त्यांनी आम्हाला मलेहाला नेलं. मला आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीला, सईला. शारजाच्या वाळवंटात तिथे फार जुनं गाव सापडलंय, त्याचं छोटं म्युझियम आहे. "सिकंदर इथे आलाच नाही," काका वाटेत सांगत होते. "अरबस्तानावर चाल करायची तयारी चालली होती, तेवढ्यात बाबिलोनमध्ये मेला. पण नाणी आली." तिकिटाच्या खिडकीवर ते मोठ्याने म्हणाले, "नाण्यावरचं एक चपटं नाक बघायला पंधरा दिरहम. म्हणजे साडेतीनशे रुपये." आणि आत गेल्यावर एका काचेपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

काचेमागे नाणी होती. सिकंदराच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेल्या एका वीराचा चेहरा असे. इथल्या लोकांनी त्याची नक्कल केली, मग त्या नकलेची नक्कल, मग तिची. शेवटच्या नाण्यावर डोळा कुठला आणि सिंहाचा कान कुठला, ते कळत नव्हतं. सई म्हणाली, "ही लुक्स लाइक अ पोटॅटो." काका हसले नाहीत. "बटाटाच आहे बाळा," म्हणाले. "ज्याने हा केला त्याने खरं नाणं कधी बघितलंच नव्हतं."

बाहेर पार्किंगमध्ये, सई मागच्या सीटवर पेंगत असताना, त्यांनी मला ते सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी ते इथे आले, तेव्हा मालकाने त्यांच्या हातात एक फोटो दिला आणि तीन दिवसांत नमुना मागितला. फोटो कुठल्या तरी पडक्या देवळातल्या खांबाचा. खालची पानं झिजून सपाट झालेली. काकांनी ती मनाने बसवली, वरच्या पानांच्या बरोबर खाली, एकावर एक. काही वर्षांनी त्यांनी एका पुस्तकात धड, न झिजलेला खांब बघितला. खरी रचना तशी नसते. खालच्या दोन पानांच्या मधल्या फटीतून वरच्या रांगेतलं पान उगवतं, जसं झाडाला उगवतं तसं. "झाड बघितलं असतं तरी कळलं असतं गो," ते म्हणाले. "मी फोटो बघितला."

तोवर खूप उशीर झाला होता. आमचे खांब स्वस्त आणि सुबक, म्हणून इतर कारखान्यांनी उभ्या व्हिलांवरून रबराचे ठसे घेतले. आता अजमानपासून अल ऐनपर्यंत जिथे जावं तिथे काकांची एकावर एक पानं. त्या माणसाला शिसारी खांबांची नव्हतीच. आपलीच चूक लोकांनी दारात, गच्चीवर, दिवाणखान्यात मांडून ठेवलेली त्यांना रोज दिसत होती.

गेल्या वर्षी जुना रबरी साचा फाटला आणि त्याचा मूळ नमुनाही तडकला. काकांचा व्हिसा संपायला पाच महिने उरले होते, पुढे नूतनीकरण होणार नव्हतं. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "नवा नमुना करायचाच आहे. या वेळी बरोबर करतो. एका घरावर तरी बरोबर बसू दे." मी हो म्हटलं. दोन महिने ते जेवणाच्या सुट्टीतही कोरत बसले. झाल्यावर मी बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की लोकांनी हे पान मुळात का कोरलं असेल. फटीतून वर येणारं प्रत्येक पान नुकतंच उमलल्यासारखं दिसत होतं. मी आनंदाने सही केली.

त्या नमुन्याचे पहिले सोळा खांब खोर फक्कानच्या एका व्हिलावर गेले. बसवून झाल्यावर तिथल्या कन्सल्टंटचा फोन आला, या म्हणून. काका आणि मी दोघेही गेलो. कन्सल्टंटच्या हातात आमचंच कॅटलॉग होतं. "मॅडम, धिस इज नॉट द सेम. इथल्या घरमालकाच्या भावाच्या व्हिलावर बघा, पानं सरळ आहेत. ये तो टेढ़ा है. तुमचं मोल्ड बिघडलंय का?"

मला बोलता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. हेच बरोबर आहे, भावाच्या घरचं चूक आहे, सव्वीस वर्षांचं आमचं कॅटलॉग चूक आहे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज आला: 'डोन्ट आर्ग्यू. सॉरी बोलो, खलास.' त्याच महिन्यात माझं प्रमोशन ठरायचं होतं. काका माझ्या शेजारी उभे होते, टोपी हातात धरून, मी काय बोलते त्याची वाट बघत.

"सॉरी," मी म्हटलं. "मोल्ड एरर आहे. आम्ही बदलून देतो."

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग ते मचाणावर चढलेल्या मजुरांकडे वळले. कन्सल्टंटने हात करताच घण सुरू झाले होते, पांढरे तुकडे वाळूत पडत होते. "भाई, नीचे से मत तोड़ना," ते त्यांना सांगू लागले. "ऊपर का पत्ता हाथ पे गिरेगा. पहले ऊपर का." सोळाही फुटेपर्यंत ते तिथेच उन्हात उभे राहून सांगत होते. मी गाडीत एसी लावून बसले. सिकंदराचा तिरस्कार करायला फारसं काही लागत नाही, तो मरून गेलाय; मला त्या एका तासात स्वतःची जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

रिजेक्शन रिपोर्टवर साचेवाल्याची सही लागते. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, चूक साच्यात. काकांनी चष्मा लावून वाचलं. "तू लिहिलंस?" मी मान हलवली. त्यांनी सही केली.

जुना नमुना तर तडकलेला. म्हणजे बदलीच्या सोळा खांबांसाठी नवा करणं आलं, आणि करणार कोण, तर तेच. निघायच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे ते रोज सातला येऊन बसत. कॅटलॉगमधला फोटो समोर चिकटवलेला. वरचं पान खालच्या पानाच्या बरोबर डोक्यावर, रेषा न् रेषा, तितक्याच मन लावून. कपातला चहा तसाच. त्या तीन आठवड्यांत आम्ही फक्त कामापुरतं बोललो.

शेवटच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. हात धुऊन, पुसून बाजूला उभे राहिले.

"नीट बघून घे बाय," ते म्हणाले. "कुठे चुकून बरोबर राहून गेलं असेल तर सांग. जायच्या आधी काढून टाकतो."

मी टेम्प्लेट लावून दोन्ही रांगांतली सोळाही पानं तपासली. कुठेच राहिलं नव्हतं. मी सही केली.