जागृतीची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावाकडे आईला नाही. देवापुढे हात जोडतानाही ही गोष्ट आठवली की मी पटकन दुसरं काहीतरी मागून मोकळा होतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही—म्हणून तुम्हाला सांगतोय.

आधी माझ्या कानांचं सांगावं लागेल. मी धुळे जिल्ह्यातला, सुरतेत भेस्तानला राहतो. लग्नाआधीपासून लूमवर आहे. बारा-बारा तासांची पाळी, आणि एका शेडमध्ये इतके माग, की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. आम्ही ओरडतच नाही. ओठ बघून बोलतो—धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळं ओठांवरून कळतं. या कामात कान गेले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. माझे कधी गेले ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पण गेलेत हे मला कळलं होतं, आणि मी ते लपवलं होतं. का? गावात आमच्या शेजारी एक बहिरा म्हातारा होता. लहानपणी आम्ही पोरं त्याच्या मागे जाऊन काहीबाही बोलायचो आणि हसायचो. त्याची सून त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलायची. मला तसा माणूस व्हायचं नव्हतं—एवढंच.

नऊ वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी आम्ही सापुताऱ्याला गेलो. मी, बायको संगीता, आठ वर्षांची जागृती आणि तीन वर्षांचा गोलू. सुरतेत राहून इतकी वर्षं झाली, तरी पोरांनी डोंगर पाहिलेला नव्हता. संगीताने पहाटे उठून वांग्याचं भरीत आणि पुऱ्या केल्या होत्या. घाटात गोलूला दोनदा उलटी झाली, तरी तो खिडकी सोडेना. तळ्यात बोटीत बसलो, मक्याची कणसं खाल्ली, आणि दुपारनंतर दरीच्या बाजूच्या टेकाडावर गेलो.

तिथे पोरं दरीकडे तोंड करून ओरडत होती आणि त्यांचाच आवाज परत येत होता. जागृती वेडीच झाली होती. स्वतःचं नाव घ्यायची, थांबायची, टाळ्या पिटायची. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, पप्पा, ऐकलं ना? मी म्हणालो, हो, मस्त! मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. कानात नेहमीची शिट्टी तेवढी वाजत होती. पोरीचं मन राखलं असं तेव्हा मला वाटलं. खरं तर मी माझीच लाज राखली.

मग संगीताला फोटो काढून हवे होते. मी जागृतीला सांगितलं—भावावर लक्ष ठेव, जरा लांब गेला की मला हाक मार. आठ वर्षांच्या पोरीवर तीन वर्षांचं पोर सोपवलं आणि फोन घेऊन पाठ फिरवली. संगीताला म्हटलं, पदर नीट घे, आता हास. दोन, तीन, चार फोटो.

पाचव्या फोटोच्या आधी मी सहज मागे पाहिलं.

जागृती माझ्याकडे तोंड करून उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. आणि तिचे ओठ मी वाचले—आयुष्यभर तेच तर केलंय मी. ‘पप्पा, दखा ना, गोलू तठे चालना!’ गोलू तिकडे चाललाय, पुन्हा पुन्हा तेच. ती किती वेळ ओरडत होती कोण जाणे. मी धावलो. गोलू गवतावरून घसरून खालच्या खडकावर पडला होता.

तो वाचला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. तीन ऑपरेशनं झाली. आज तो बारा वर्षांचा आहे, त्याचा डावा पाय आखूड आहे, आणि त्या बुटाला जाड तळ लावावा लागतो.

पण मला जे सांगायचंय ते त्यानंतरचं आहे. दवाखान्याच्या ओट्यावर संगीताने जागृतीचे दोन्ही खांदे धरून तिला हलवलं. तू हाक का बरं नही मारी? पोरगी रडत म्हणाली, मारी व्हती, मी पप्पासले हाक मारी व्हती. तेव्हा दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

काय बोलायचं होतं मला? एवढंच—मारली होती, मला ऐकू येत नाही. मी म्हणालो, ‘नही मारी तिनी. मारी ऱ्हाती ते माले ऐकू नसती उनी का?’

फोटोसाठी संगीता वळणाच्या आड उभी होती, तिथून पोरं दिसत नव्हती, आणि वाराही उलटा होता. तिला काही ऐकू आलं नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. जागृती माझ्याकडे बघत राहिली. रडायचीही थांबली. तिची ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

पुढे वर्षभराने ती आईजवळ म्हणाली, मम्मी, मी मनातल्या मनातच हाक मारली असेल. मी शेजारी बसून भाजी-पोळी खात होतो. घास गिळला.

आता ती सतरा वर्षांची आहे. कुठलीही गोष्ट दोनदा सांगते. जेवायला बोलवायचं असलं की आवाज देत नाही, येऊन खांद्याला हात लावते. शाळेत तोंडी परीक्षेला उभी राहिली की तिचा आवाज फुटायचा नाही. बाई म्हणायच्या, मुलगी हुशार आहे पण बुजरी आहे. बुजरी? दरीला हाका मारून टाळ्या पिटणारी पोर होती ती!

दोन वर्षांपूर्वी मी कानाचं मशीन घेतलं. घरी सांगितलं, इतक्यातच कमी ऐकू यायला लागलंय. म्हणजे खोटं नुसतं बोललो नाही, ते सांभाळलं, त्याची डागडुजी केली.

गेल्या रविवारी दोघं भावंडं चार्जरवरून भांडत होती. गोलू घरातही हिंदीच बोलतो. तो चिडून म्हणाला, ‘तूने उस दिन पप्पा को बुलाया होता ना, तो मेरा पैर ठीक होता.’ जागृतीने चार्जर त्याच्यापुढे ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला.

मी कानातलं मशीन काढलं आणि खिशात ठेवलं.