पोस्टातली मंजू

लातूरजवळच्या मुरुडमध्ये आमच्या मंजुश्रीला अजूनही ‘पोस्टातली मंजू’ म्हणतात. ती एक दिवसही पोस्टात नव्हती. ही चूक माझ्यामुळे झाली, म्हणून आधी तीच सांगून टाकतो.

मी नांदेडच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. माणिकप्पा माझा मुरुडचा लहानपणचा मित्र. बाजारात त्याची आडत आहे. शेतकऱ्यांचा माल त्याच्या दुकानापुढं उतरतो आणि तो लिलावात विकून देतो. त्याची पोरगी मंजू पीएचडीला नांदेडला आली तेव्हा तो मला म्हणाला, “शेषेराव, पोरीवर जरा नजर ठेव.” नजर ठेवायची वेळच आली नाही. सकाळी मी किल्ली घेऊन जायचो तर ती आधीच पायरीवर बसलेली असायची.

तिचा विषय सोयाबीनचा. बियाणं दिसायला चांगलं असून उगवत का नाही, हे ती शोधत होती. सोयाबीनची साल फार नाजूक. पोतं जोरात आपटलं तरी तडकते, आणि ती तडक डोळ्याला दिसत नाही. पाच वर्षं तिनं दाणे मोजले. मोजताना कुणी हाक मारली तर डावा हात वर करायची, म्हणजे थांबा. मीही थांबायचो.

२०१६ साली तिची पीएचडी झाली आणि हैदराबादच्या एका संस्थेत तिला पोस्टडॉक मिळालं. मी आनंदानं माणिकप्पाला फोन लावला. त्याच्याकडं लिलाव चालू होता, पाठीमागं नुसता गलका.

“मंजूला हैदराबादला पोस्टडॉक मिळालं!”

“काय? पोस्ट?”

“हाव, पोस्टडॉक!”

“पोस्ट! डाक! बरं बरं!” असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात पेढे वाटून झाले. पोरगी डाक खात्यात लागली, तीही हैदराबादला, मोठ्या हापिसात.

चार दिवसांनी मला हे कळलं. कसंबसं धाडस करून मी त्याला खरं काय ते सांगितलं. पीएचडीनंतरही शास्त्रज्ञाला दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करावं लागतं, त्याला पोस्टडॉक म्हणतात, ती कायमची नोकरी नव्हे. माणिकप्पा पोट धरून हसला. मग म्हणाला, “राहू दे आता. डॉक्टर झाल्यावर पुन्हा मुदतीवर कामाला लागली, हे मी चंद्रप्पाला कसं समजावू? पोस्ट सगळ्यांला समजतं.”

चंद्रप्पा म्हणजे शेजारचा भुसार दुकानदार. बातमीच्या बाबतीत गावाचं वर्तमानपत्रच. त्यानं ते असं पक्कं केलं की मंजू सणाला आली की कुणी ना कुणी हातात पावती घेऊन दारात उभा. “मंजू, लेकाचं पार्सल निघालं का न्हाई, जरा बघ की.” ती बिचारी खरोखरच गावातल्या पोस्टात जाऊन विचारून यायची.

अशी आठ वर्षं गेली. हैदराबाद, मग बंगळूर, मग परत हैदराबाद. दर खेपेला नवी मुदत, नवी खोली, नवं गॅस कनेक्शन. गेल्या मार्चमध्ये तिला पत्र आलं की प्रकल्प संपतो आहे, तीस जूननंतर मुदतवाढ नाही. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

मे महिन्याच्या शेवटी ती साठलेली रजा घेऊन मुरुडला आली. मी निवृत्त होऊन गावीच राहतो. एका सकाळी तिनं मला लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला. त्रेचाळीस अर्ज. काही ओळी लाल, काही पिवळ्या.

“लाल म्हणजे नकार, काका. पिवळं म्हणजे उत्तरच नाही.”

“आणि हिरवं?”

“हिरवा रंग ठेवलाय. वापरायची वेळ आली नाही अजून.”

तोंड पाडून बसणारी ती नव्हेच. तिच्या फोनवर साठेक पोस्टडॉक मुलींचा एक गट आहे. जी जाहिरात स्वतःच्या कामाची नाही ती मंजू लगेच तिकडं पाठवते, वर नाव घालून, की ही तुझ्यासाठी आहे, शेवटची तारीख अमुक. त्यातून एक जण पेटंट तपासायच्या कामाला लागली, एक औषध कंपनीत, एक शास्त्रीय मासिकाची संपादक झाली. प्रयोगशाळेत तीस वर्षं घालवून मला ठाऊक नव्हतं की शास्त्रज्ञाला प्राध्यापक होण्यावाचून इतक्या वाटा असतात.

मंजूला मात्र बियाण्याचंच काम हवं होतं. तशी एक जागा लातूरच्या एमआयडीसीत निघाली होती, एका बियाणे कंपनीत. तिनं एप्रिलमध्येच अर्ज केला होता. उत्तर आलं, की आपली पात्रता या पदापेक्षा जास्त आहे.

“हेच वाक्य चौथ्यांदा आलंय,” ती म्हणाली. “जागा अजून भरलेली नाही. मी परत अर्ज करणार. नाही जमलं तर जुलैपासून नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं. शिकवायला वाईट काही नाही. पण तिथं प्रयोगशाळा नाही, काका. वर्षभर दाण्याला हात लागला नाही की परत कोण उभं करतंय?”

त्या दुपारी लिलाव संपल्यावर आम्ही आडतीवर बसलो होतो. शिवगंगावहिनी, म्हणजे मंजूची आई, डबा घेऊन आल्या होत्या. मंजू मांडीवर अर्जाचे कागद घेऊन खोडाखोड करत होती.

“काय करून राहिलीस गं?” माणिकप्पानं विचारलं.

“बायोडाटा नीट करून राहिले, अप्पा.”

“किती पानं हाय?”

“अकरा.”

“अगं बाई!” वहिनी म्हणाल्या. “लग्नाच्या आहेराची यादी बी येवढी नसती.”

“वाच,” माणिकप्पा म्हणाला. “मराठीत सांग.”

ती वाचू लागली. शोधनिबंध एकोणीस. परिषदा, पारितोषिकं, शिष्यवृत्त्या. माणिकप्पा डोळे मिटून ऐकत होता. चौथ्या पानावर त्यानं हात वर केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिची ती लकब कुठून आली ते.

“हे झालं पोत्याच्या तोंडावरचं,” तो म्हणाला. “तळाला काय हाय?”

ज्यांनी आडत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगला खरेदीदार पोत्याच्या तोंडावरचा माल पाहून बोली बोलत नाही. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढतो, नाहीतर पोतं फरशीवर ओतायला लावतो. माणिकप्पाच्या दुकानात नियमच आहे, तळातली मूठ काढल्याशिवाय बोली नाही.

“तळाला काही नाही, अप्पा. ‘इतर’ असं लिहिलंय.”

“तेच वाच.”

अकराव्या पानावर बारीक अक्षरात होतं. हैदराबादला रिकाम्या खोलीतून बियाणे तपासणीची प्रयोगशाळा उभी केली. बियाण्याचे नऊ हजारांवर नमुने तपासले. बावीस जणांना हे काम शिकवलं. तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादकडच्या शेतकऱ्यांच्या घरच्या बियाण्यासाठी गावोगाव तपासण्या घेतल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत.

माणिकप्पानं डोळे उघडले. “हे तू तळाला घातलं? कामून?”

“त्याला संशोधनात किंमत नसते, अप्पा.”

“गिऱ्हाईक कोण हाय तुझं? बियाणं विकणारा माणूस. त्याला तुझे एकोणीस लेख काय करायचे? ते सोनं हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण त्याला सोनं नको, त्याला बियाणं उगवलेलं पायजे. पोतं उलटं कर. तळातलं वर आण.”

मंजूनं ते अकरावं पान काढून गठ्ठ्यावर ठेवलं. मग म्हणाली, “आमच्याकडं पुण्याहून एक बाई आल्या होत्या, नोकरी कशी शोधावी ते शिकवायला. त्या म्हणाल्या होत्या, कंपनीसाठी दोन पानांच्या वर लिहू नका. पण काय ठेवायचं तेच कळेना, म्हणून मी अकराच पानं पाठवत राहिले. वर काय लिहायचं ते गिऱ्हाईक बघून ठरवा, असं सांगितलं असतं तर अर्ज करण्यात गेलेली अडीच वर्षं वाचली असती.”

“त्या बाईची आडत नसंल,” वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी तिनं अर्ज पाठवला. एकच पान. सगळ्यात वर ती प्रयोगशाळा आणि नऊ हजार नमुने. शोधनिबंध शेवटी, एका ओळीत. सहाव्या दिवशी बोलावणं आलं.

लातूरला आम्ही दोघंही तिच्याबरोबर गेलो. माणिकप्पाला बारदाना, म्हणजे रिकामी पोती, घ्यायचा होता, असं तो म्हणाला. कंपनीचे मालक महांतेश नावाचे, चाळिशीतले, उदगीरकडचे. आम्हाला गोदामाच्या दाराशी खुर्च्या दिल्या आणि मुलाखतही तिथंच झाली, कारण महांतेशनी तिला आत केबिनमध्ये बसवण्याऐवजी सरळ गोदामात आणलं.

टेबलावर एका ताटात सोयाबीन होतं. “मॅडम, हा आमचा नमुना. काय वाटतं सांगा.”

मंजूनं ताटाकडं पाहिलं, हात लावला नाही. “हा कुठून काढलाय?”

“ह्याच थप्पीतून.”

थप्पीत पोत्यावर पोतं अशी चौदा होती. “सगळ्यात खालच्या पोत्यातला मला स्वतः काढू द्याल का?”

माणिकप्पानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबला.

हमालांना हाक गेली, वरची पोती उतरवली गेली, खालचं उघडलं. मंजूनं बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरून दाणे काढले. मग रखवालदाराकडून समोरच्या दुकानातून कपड्यांचं ब्लीच आणवलं. दोन पेल्यांत पाणी घेऊन त्यात थोडं थोडं टाकलं. एकात ताटातले शंभर दाणे, दुसऱ्यात खालच्या पोत्यातले शंभर.

“दहा मिनिटं लागतील,” ती म्हणाली.

महांतेश खुर्ची ओढून बसले. “तोवर एक विचारतो. राग मानू नका. तुम्ही इतक्या शिकलेल्या. आम्ही तुम्हाला घेऊ, आणि सहा महिन्यांत तुम्ही निघून जाल. आम्ही काय करायचं?”

“आठ वर्षांत मी दोन ठिकाणं सोडली, तिसरं या जूनअखेर सुटतंय,” मंजू म्हणाली. “तिन्ही दुसऱ्यानं ठरवलेल्या तारखेला. स्वतःहून एकही नाही सोडलं.”

महांतेशनी दोन्ही पेले जवळ ओढले. दहा मिनिटं झाल्यावर दोघांनी मिळून दाणे मोजले. साल तडकलेला दाणा पाणी पिऊन फुगतो. ताटातल्या शंभरात सहा फुगले होते. खालच्या पोत्यातल्यात एकतीस.

“म्हणजे उगवण किती येणार?” महांतेशनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

“ते आज मला सांगता येणार नाही. ओल्या कागदात ठेवून आठ दिवस थांबावं लागेल. पण हे पोतं बियाणं म्हणून विकू नका. आणि आठ पोत्यांच्या वर थप्पी लावू नका, खालच्या दाण्याला वरचं वजन सोसत नाही.”

“मॅडम, तुम्ही मुलाखत द्यायला आलात का घ्यायला?”

“दोन्ही,” मंजू म्हणाली आणि हसली. त्या आठ वर्षांत तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आम्ही परत निघालो ते कुठलंही आश्वासन न घेता. माणिकप्पा बारदाना घ्यायचा विसरला, आणि वहिनींनी त्याला त्यावरून आठवडाभर ऐकवलं.

ते आठ दिवस मात्र कठीण गेले. तीस जून जवळ येत होती आणि नांदेडच्या कॉलेजला होकार कळवायचा होता. मंजूनं कळवला नाही. “दाणे ठेवलेत त्यांनी कागदात,” ती म्हणायची. “मला खात्री आहे, ठेवले असणार.”

नवव्या दिवशी फोन आला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. महांतेशनी स्वतः मोजलं होतं. खालच्या पोत्यातल्या शंभरातले फक्त त्रेपन्न उगवले होते. बियाणं म्हणून विकायचं तर निदान सत्तर लागतात. सगळ्या थप्प्या उतरवून त्यांनी आठ-आठच्या लावल्या होत्या.

“या एक तारखेपासून,” ते म्हणाले. “कागदावर पोस्ट काय लिहू?”

‘पोस्ट’ ऐकताच माणिकप्पा दचकला. मला हसू आवरेना.

“गुणवत्ता आणि संशोधन प्रमुख,” मंजू म्हणाली. “नमुना मी किंवा माझी माणसंच काढतील, आणि तो तळातनं काढतील. आणि वर्षाला एक विद्यार्थिनी नांदेडहून कामाला घ्यायची, पगारावर.”

“दोन अटी झाल्या.”

“तिसरी नाही.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “बरं. लिहितो.”

तिनं लॅपटॉप उघडला, तक्त्यात त्रेचाळिसाव्या अर्जाखाली लातूरच्या नव्या अर्जाची ओळ घातली आणि ती हिरवी केली. त्याच बैठकीत गटाला निरोप पाठवला, की नांदेडच्या कॉलेजातली जागा मोकळी आहे, ज्यांना शिकवायला आवडतं त्यांनी लगेच कळवा.

संध्याकाळी आम्ही आडतीवर गेलो तेव्हा चंद्रप्पा त्याच्या ओट्यावर उभाच होता. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

“काय गं मंजू, तुझी म्हणं लातूरला बदली झाली?”

माणिकप्पानं माझ्याकडं पाहिलं, मी माणिकप्पाकडं. आठ वर्षांची चूक दुरुस्त करायची तर हीच वेळ होती. मी घसाही खाकरला. पण मंजूनं डावा हात वर केला, म्हणजे थांबा.

“हाव, चंद्रप्पाकाका,” ती म्हणाली. “विनंती बदली.”