नोटीस बोर्डावरचा फोटो

मोहितेभाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम एक फोटो असे. देवाचा नाही, बायकोचाही नाही, स्वतःचा. खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेले मोहितेभाऊ.

तो आमच्या मॅनेजरनं काढला होता. बडोद्याजवळच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात भाऊ पॅनेल ऑपरेटर, म्हणजे पाळीभर यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवायची. तिथं डोळा लागणं गुन्हाच. पण मॅनेजरचं मेमोवर भागलं नाही. त्यानं फोटो मोठा करून नोटीस बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, 'हा तुमच्या जिवाशी खेळतो.' आठवडाभर सगळे हसले. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते.

घरी, बडोद्याच्या समा भागातल्या सोसायटीत, भाऊंच्या घोरण्याचं कौतुकच होतं. दमलेला माणूस, गाढ झोपतो, असं सगळे म्हणत. वहिनींना मात्र शंका आली. त्यांनी एका रात्री टेपरेकॉर्डर उशाशी ठेवला. सुभानपुऱ्यातले डॉक्टर कॅसेट ऐकताना घोरणं सोडून मधल्या शांततेचे सेकंद मोजत बसले.

"काका, आ आळस नथी, रोग छे," ते म्हणाले. "झोपेत घशातली वाट मिटते, श्वास अडतो. रात्रभर झोप मोडते, म्हणून दिवसा डुलक्या."

रात्रभराच्या तपासणीतही तेच निघालं. मग नाकावर मास्क आणि त्यातून हवा सोडणारं यंत्र आलं. काही आठवड्यांत भाऊ दिवसभर टक्क जागे राहू लागले.

मला वाटलं, आता फोटो फेकतील.

"फेकू? मी काय संत आहे? त्या मॅनेजरला दाखवल्याशिवाय मरणार नाय मी. बराबर ने?"

संधी त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभातच आली. भाषणं चालू असताना व्यासपीठावर मॅनेजर घोरू लागला. मध्येच घोरणं थांबलं, मग तो गुदमरल्यासारखा दचकला, पुन्हा मान टाकली. शेजारच्या खुर्चीतून भाऊंनी मला खूण केली. कॅमेरा माझ्याकडेच होता. बटण दाबताना जिवाला मिळालेला थंडावा मी लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी मीच तो फोटो त्याच बोर्डावर लावला. खाली भाऊंच्या हातचं तेच वाक्य, तळहाताएवढ्या अक्षरांत. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, डॉक्टरांचा पत्ता. मॅनेजरनं कागद टराटरा फाडला.

वर्षभरात हालोलच्या रस्त्यावर भरदुपारी गाडी चालवताना त्याचा डोळा लागला. गाडी उभ्या ट्रकवर आदळली, तो जागीच गेला. मी बातमी घेऊन समाला धावलो. 'बरं झालं' हे शब्द माझ्या ओठांवर होते.

भाऊंनी खिशातला फोटो काढला, बराच वेळ पाहिला.

"पत्ता मोठ्या अक्षरांत लिहायला हवा होता रे," ते म्हणाले.