शेजारच्या आजोबांचं आडनाव

माझ्या बाबांना माणूस भेटला की त्याचं नुसतं नाव पुरत नाही. आडनाव हवं, मग मूळ गाव हवं, मग "म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?" हे हवंच. ते सहा महिन्यांसाठी इंग्लंडात, रीडिंग गावात, माझ्याकडे राहायला आले, तेव्हा ही सवय पुण्यातच ठेवून येतील अशी माझी भाबडी समजूत होती. उलट ती बळावली होती, कारण ते नुकतेच आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं काम उरकून आले होते. एका आडनावाची सगळी घरं, त्यांच्या सगळ्या पिढ्या, कोण कुठे दत्तक गेलं आणि कोणाचा वंश खुंटला, हे सगळं एका जाडजूड पुस्तकात. त्यासाठी बाबांनी तीन वर्षं देशभर छापील फॉर्म पाठवले होते. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला फॉर्म भरून आला की काय आनंद होतो, ते पाहूनच कळतं.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. पुण्याहून सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती रीडिंगला, त्यातलीच मी एक. लग्न व्हायचं होतं. वहिनीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून आई मागे राहिली आणि बाबा एकटेच आले. मी सकाळी ऑफिसला जायची, ते दिवसभर घरात. टीव्ही त्यांना समजत नसे आणि रस्त्यावर बोलायला कोणी भेटत नसे. आठवड्याभरात त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की मी चिडचिड करते, तशी करत होते.

मग एक दिवस पोस्टमनने शेजारचं पत्र आमच्या दारात टाकलं. पाकिटावरचं आडनाव वाचून बाबा ते घेऊन लगेच शेजारी गेले.

शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्याशी फक्त हवेबद्दल बोलत होते. आज गार आहे, उद्या पाऊस म्हणतात, बस्स. बाबांनी पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "हे आडनाव इकडचं नाही. मूळ गाव कोणतं?"

संध्याकाळी बाबांनी मला सगळी हकिगत सांगितली, तेव्हा मी कपाळाला हात लावला. आजोबा जर्मन होते. सतराव्या वर्षी सैन्यात ओढले गेले, काही महिन्यांत पकडले गेले, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आले आणि इथल्या एका शेतावर कामाला लागले. शेतावरच्याच एका मुलीशी लग्न करून इथेच राहिले. त्यांचं गाव आता दुसऱ्याच देशात गेलंय. आईवडील त्या धामधुमीत गेले, धाकट्या बहिणीचा पुढे पत्ता लागला नाही.

"बाबा, असं कोणाला विचारायचं नसतं इकडे. इट्स पर्सनल."

"त्यांनी आनंदाने सांगितलं. म्हणाले, पन्नास वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं."



त्यांची मैत्री जमली. कुंपणाच्या अलीकडे बाबा, पलीकडे आजोबा, आणि मध्ये आजोबांच्या घेवड्याचे वेल. बाबांचं इंग्रजी सरकारी मसुद्यातलं, आजोबांचं शेतावर शिकलेलं, पण दोघांचं अडत नसे. बाबा त्यांना पोहे नेऊन देत आणि येताना घेवडा घेऊन येत. मी इतका घेवडा आयुष्यात खाल्ला नव्हता.

जूनमध्ये आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तारीख ऑगस्टमधली मिळाली. हॉस्पिटलचा फॉर्म आला आणि तो भरायला अर्थात बाबा बसले. सगळं सुवाच्य अक्षरात भरून झालं, पण 'जवळचा नातेवाईक' या रकान्यावर गाडी अडली. आजोबा म्हणाले, "ते सोडून द्या." बाबांनी ते सोडलं, पण त्या रात्री जेवले नाहीत. "अगं, ऑपरेशन टेबलावर काही झालं तर कळवायचं कोणाला, ते कोरं? माणसाचं असं कसं असेल?" मी म्हटलं, असतं, इकडे बऱ्याच जणांचं असतं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू तो रकाना मीच कोरा ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून ते लायब्ररीत जाऊ लागले. तिथल्या ज्ञानकोशात आजोबांच्या आडनावाला अख्खं पान होतं. त्या आडनावाचे राजकारणी, वनस्पतीतज्ज्ञ, संगीतकार, फुटबॉलपटू, एका प्रकारची दुर्बीण, एवढंच काय, चंद्रावरचं एक विवरसुद्धा. बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. आडनावाचा अर्थ लोहार, हेही कळलं. आजोबांनी त्यांना परोपरीने समजावलं की गावोगावी लोहार असतो, त्यामुळे त्यांच्याकडे हे आडनाव पैशाला पासरी आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बाबा ऐकून घेत आणि घरी येऊन मला म्हणत, "आपलीही चारशे घरं निघाली. सगळे म्हणत होते आमचा त्यांच्याशी संबंध नाही. शेवटी मूळ पुरुष एकच."

मग त्यांनी टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांतून त्या आडनावाचे पत्ते काढले. रीडिंगचे, साउथहॅम्प्टनचे, लीड्सचे, मिळतील तिथले. माझ्याकडून फॉर्म टाइप करून घेतला. मी कुरकुरत केला, पण केला, कारण आल्यापासून पहिल्यांदा ते सकाळी लवकर उठून दाढी करत होते. फॉर्म म्हणजे आमच्या कुलवृत्तान्ताचाच, इंग्रजीत. मूळ गाव, आजा-पणजाचं नाव, या देशात केव्हा आलात, हरवलेली एखादी आत्या वा मावशी. गोत्राचा रकाना मी हट्टाने काढायला लावला. कुलदैवताचा मात्र त्यांनी ठेवलाच. "त्यावरून घराणं चटकन लागतं," म्हणाले. मी भांडायला हवं होतं, पण उशीर झाला होता, ट्रेन पकडायची होती. शेजारच्या एका जर्मन मित्राच्या नातलगांसाठी हा शोध आहे, अशा चार ओळी जोडून फॉर्म गेले.

उत्तरं येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आठ-दहा आली. साउथहॅम्प्टनच्या बंदरात काम करणाऱ्या एकाने कुलदैवताच्या रकान्यात गावच्या फुटबॉल संघाचं नाव लिहिलं होतं. एका बाईंनी कळवलं की हे आडनाव नवऱ्याचं होतं, आता घटस्फोट झालाय, तरी तुम्हाला शुभेच्छा. एकाने स्वच्छ लिहिलं की पुन्हा पत्र पाठवू नका. बाबा प्रत्येक उत्तर फाइलला लावत आणि कुंपणावरून आजोबांना वाचून दाखवत. दोघे म्हातारे खदाखदा हसत. ऑफिसमधून येताना कोपऱ्यावरच त्यांचं हसू ऐकू यायचं. ते दिवस मला आजही हवेहवेसे वाटतात.

लीड्सचं पत्र सर्वांत शेवटी आलं. एका निवृत्त शिक्षिकेचं. सुंदर, तिरकं अक्षर. फॉर्म कोरा होता, सोबत अर्ध्या पानाचा मजकूर. "तुम्ही कुलदैवत विचारलं आहे. आम्ही ज्यू. या एकाच गोष्टीमुळे माझे आजोबा एक सुटकेस घेऊन जर्मनीतून निघाले. त्यांची तीन भावंडं निघू शकली नाहीत. आडनाव त्यांचंही हेच होतं. तुमच्या मित्राला विचारा, तेव्हा तो कुठे होता."

बाबांनी ते दोनदा वाचलं, आणि खुर्चीत बसले ते उठेचनात.

"हे दाखवू नका त्यांना," मी म्हटलं. "ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय. फाडून टाका. कोणाला कळणारे?"

"पत्र त्यांच्या कामाचं आहे. मी दाबून कसं ठेवू?"

"तुम्हीच तर हे सगळं उकरून काढलंत."

हे मी बोलायला नको होतं. बाबांनी पत्र घडी करून खिशात घातलं आणि शेजारी गेले. मी खिडकीतून बघत होते. आजोबांनी चष्मा लावला, पत्र वाचलं, मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पाच दिवस ते बाहेर आले नाहीत. घेवडा वेलावरच जून झाला. बाबा रोज कुंपणापर्यंत जाऊन परत येत. एकदा मला म्हणाले, "माझ्यामुळे त्यांची उरलीसुरली शांतता गेली गं." मी त्यांची समजूत घातली नाही. मला ते खरं वाटत होतं, आणि त्यांचा रागही आला होता. त्याची मला अजून लाज वाटते.

सहाव्या दिवशी आजोबांनीच हाक मारली. हातात बंद पाकीट होतं, वर लीड्सचा पत्ता. आत काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही. इतकंच म्हणाले, "मी सतरा वर्षांचा होतो, असं आधी लिहिलं होतं. मग ते खोडलं. तिने ते विचारलं नव्हतं." बाबांनी पाकीट घेतलं आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत दोघे बरोबर चालत गेले, आजोबा काठी टेकत.

लीड्सहून उत्तर आलं की नाही, आम्हाला कळलं नाही. ऑपरेशन नीट पार पडलं. तो रकाना कोराच गेला. बाबांची परतीची तारीख आली तेव्हा फाइलमध्ये एकही नातेवाईक नव्हता. एअरपोर्टच्या वाटेवर ते म्हणाले, "चारशे घरं जोडली, पण या एका माणसाला एक नाव देता आलं नाही." हरलेला माणूस बोलतो तसं बोलत होते. मी गाडी चालवत राहिले.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. पुण्याहून फोन आला की बाबांचा पहिला प्रश्न आजोबांबद्दल असे, माझ्या लग्नाबद्दल दुसरा. मग एका फेब्रुवारीत आजोबा झोपेतच गेले. दहनाला आम्ही सात-आठ माणसं होतो, सगळी गल्लीतली. मागच्या बाकावर मात्र करड्या कोटातल्या एक बाई बसल्या होत्या. निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "लीड्सहून आलेय. आडनाव एकच, नातं नाही." पुढे काय विचारावं ते मला सुचलं नाही. बाबा असते तर त्यांना सुचलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, वय झालं, मन आधीच तयार असेल. थोडं वाईटही वाटलं, की एवढंच?

तीन दिवसांनी ऑफिसच्या कार पार्कमध्ये असताना आईचा फोन आला.

"अगं, तुझ्या बाबांना तू तरी सांग. तुझा फोन आला आणि उठून डोक्यावरून अंघोळ केली. तेव्हापासून पूजेला बसत नाहीत. देवळात जात नाहीत. समोरच्या काकूंनी प्रसाद आणला, तर हात लावला नाही. म्हणतात, सुतक आहे."

"कोणाचं?"

"मीही तेच विचारलं. म्हटलं, अहो, मित्राचं सुतक नसतं. तर म्हणाले, ठाऊक आहे मला. मग किती दिवस पाळणार, विचारलं. तर म्हणाले, भावाचं पाळतात तेवढं. दहा."