शिस्तमामांचा आडाखा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना मुलं शिस्तमामा म्हणत. तीस वर्षं पुस्तकं देता-घेता त्यांनी एक आडाखा बांधला होता. पुस्तक तारखेला परत करणारा चांगल्या गुणांनी पास होणार, आणि उशिराचा दंड भरणाऱ्याचं काही खरं नाही. निकालाआधी ते शिपायाला दहा नावं आणि त्यांचे निकाल सांगत, त्यांतले आठ तरी बरोबर निघत.

यंदा मात्र त्या आडाख्यानं त्यांनाच धास्ती घातली होती. दंड भरणाऱ्यांत होती ती त्यांचीच सख्खी भाची, त्यांच्याच घरी राहून शिकणारी. पुस्तक कधी वेळेवर नाही, वही कधी पूर्ण नाही आणि तोंडाला विश्रांती नाही. तिच्या वडिलांनी तर बजावलंच होतं, "पहिला वर्ग मिळाला तर एम.ए., नाहीतर मुकाट्यानं दुकानात बसायचं."

निकाल सकाळी दहाला लागणार होता. दहावर पाच मिनिटं होताच मामांनी सगळ्या नोकरीत प्रथमच भर वेळेत काउंटर सोडला आणि धापा टाकत सूचनाफलक गाठला. तिथे ही झुंबड!

"मामा! मी विभागात दुसरी!" गर्दीतून भाची ओरडली.

"आसनक्रमांक नीट बघ. तुझ्या वेंधळेपणाचा काय भरवसा?"

"आम्ही चौघींनी बघितला!" तिच्या मैत्रिणी एका सुरात म्हणाल्या.

मामांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा पाहिलं. खरंच की! त्यांचे कान तापले.

"अगं, पण तू अभ्यास केलास तरी कधी?"

"ग्रंथालयाच्या जिन्यात! रोज संध्याकाळी यांना समजावून सांगायचे. सांगता सांगता माझ्याच डोक्यात पक्कं बसायचं. तुम्हीच नाही का आम्हाला तिथून हाकलायचात?"

"बडबडत होतात म्हणून हाकललं!"

"तोच अभ्यास होता, मामा! आणि आम्हीही पास झालोय," एक मैत्रीण म्हणाली.

शिपायानं मागून टोमणा मारला, "साहेब, यंदा दहांतले सातच बरोबर."

"सात तर सात! फोन दे आधी."

मामांनी मेहुण्यांना फोन लावला. "भावोजी, दुकानात दुसरं माणूस बघा! पोरगी विभागात दुसरी आलीय!"

 पलीकडून लगेच प्रश्न आला, "एम.ए.चा अर्ज कुठे मिळतो?"

"तो आणायला मी निघालोच," म्हणत मामांनी भाचीचा हात धरला आणि प्रवेश कार्यालयाकडे चक्क पळत सुटले.