आंबेनळीत मी शेपूट होते

पेण ते महाबळेश्वर, दोन दिवस, बारा सायकली आणि मागून एक टेम्पो. मी नाव दिलं ते केवळ आंबेनळी घाटासाठी. एकदाही पाय न टेकता हा घाट चढायचं खूळ दोन वर्षं डोक्यात होतं आणि दोन्ही वेळा अर्ध्यात पाय टेकला होता. यंदा नाही म्हणजे नाही, असं घरी सांगूनच निघाले.

पहिला दिवस सुरळीत गेला. दासगावहून सावित्रीच्या काठाने संध्याकाळी महाडात शिरलो. चहा पिताना आमचा म्होरक्या सचिन म्हणाला, "उद्या शेपूट तू." शेपूट म्हणजे सगळ्यांत मागे राहणारा. शेवटच्या सायकलवाल्याला त्याने ओलांडायचं नाही, काहीही झालं तरी. अरे देवा! मला सिग्नलला उभं राहवत नाही! खूप भांडले, पण पाळी माझीच होती. "आणि दुपारी एकपर्यंत प्रतापगडच्या फाट्याला पोचला नाही तो टेम्पोत," सचिनने सगळ्यांना बजावलं.

सकाळी महाडातून निघताना बिरवाडीचे महादेवकाका येऊन मिळाले. वय बासष्ट, कारखान्यातून निवृत्त, पुतण्याची गिअरची सायकल. मूळ गाव घाटाच्या पायथ्याचं कापडे. "जन्मभर हा घाट एसटीतनं चढलो ताई," म्हणाले, "एकदा आपल्या पायांनी चढायचा हाय." शेवटचा सायकलवाला कोण, ते मला तिथेच कळलं.

पोलादपूरपर्यंतचा महामार्ग छान आहे, पण ट्रक अंगावर येतात, तेव्हा उजाडताच निघा. पोलादपूरला मिसळ-चहा शंभराच्या आत होतो. पाण्याच्या बाटल्या तिथेच भरून घ्या, पुढे दुकानं कमी आहेत.

कापड्यात काकांच्या वहिनी ताकाचा तांब्या घेऊन रस्त्यावरच उभ्या होत्या. शेजारपाजारचे पाच-सहा जणही होते. "भावोजी, गाडीत बसायचं नाय हां!" त्या ओरडल्या, "अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय मी." काका लाजले. मी ताक घटाघट प्यायले आणि घड्याळ पाहिलं.

घाट सुरू झाला. काका प्रत्येक वळणावर थांबायचे, दम खायचे आणि पुन्हा निघायचे. मला पाय टेकायचा नव्हता, म्हणून ते थांबले की मी त्यांच्याभोवती गोल गोल सायकल फिरवायचे. गाडी आली की जीव मुठीत. तोंडाने "सावकाश काका, काही घाई नाही", आणि आत नुसती चडफड. बाकीचे केव्हाच वर गेले होते.

साडेअकराला एका वळणावर, आमच्या पुढे जाऊन थांबलेला टेम्पो दिसला. फाटा तिथून तीन किलोमीटर. काका रखडत का होईना, एकच्या आत पोचले असते. मला ते स्वच्छ दिसत होतं. तरी मी फिरता फिरता म्हणाले, "काका, फाट्याला पोचायची बाराची वेळ आहे. आता नाही जमायचं. बसा टेम्पोत."

काकांनी वरच्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले. ड्रायव्हरने त्यांची सायकल वर चढवली. मी हात लावायलासुद्धा थांबले नाही.

मग मात्र मी सुसाट सुटले. फाटा गेला, झाडी गेली, मांड्या पेटल्या आणि महाबळेश्वर आलं. पाय टेकला नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोतून उतरून काकांनीही वाजवल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन चार दिवस झाले तरी मला एका जागी बसवेना. फोटोखाली कोणी 'शाब्बास' लिहिलं की मी फोन पालथा ठेवायचे. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी फोन लावला.

"काका, एकची वेळ होती. मी खोटं बोलले."

"म्हायत हाय. सचिननं सकाळीच सांगितलं होतं."

"मग बसलात का हो?"

"तुम्ही सारख्या माझ्याभोवती फिरत होतात. मागं कोण असा तळमळत असला की पायच उचलत नाय माझा. गावात सांगितलं, दम लागला म्हणून."

मी माफी मागितली. म्हटलं, "रविवारी पुन्हा जाऊ या. मी मागे राहीन. तुम्ही हवं तितकं थांबा."

"रविवारी जाणारच हाय," काका म्हणाले. "पण ताई, मागं कोणी नको."